राहीबाईंच्या पायाचा रंग

नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत मिरजेच्या डॉक्टर देवदत्तांनी क्षमाला दवाखान्यात बोलावून घेतलं. क्षमाचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. वडिलांनी, तात्यांनी उभा केलेला, पण त्यांचे डोळे अधू झाल्यापासून तीच तो चालवायची.

डॉक्टरांच्या भावाने परदेशातून डिजिटल कॅमेरा आणला होता, फ्लॉपीवर फोटो घेणारा. तो त्यांनी फलटणच्या डॉक्टर श्रद्धाकडे ठेवला होता. मिरजेत ऑपरेशन झालेल्या पेशंटचं ड्रेसिंग श्रद्धाने करायचं, जखमेचा फोटो काढायचा आणि फ्लॉपी एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायची. देवदत्त ती कॉम्प्युटरवर बघणार. पेशंटची तीनशे किलोमीटरची फेरी वाचणार.

"हा बघा पहिलाच फोटो," डॉक्टर म्हणाले.

पडद्यावर एक पाऊल होतं, राहीबाईंचं. गुऱ्हाळात उकळता रस सांडून ते भाजलं होतं. दहा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या मांडीची कातडी काढून त्यावर बसवली होती. फोटोत ती कातडी काळीनिळी दिसत होती, आणि सगळंच धूसर.

"कातडी मेली," डॉक्टर म्हणाले. "उद्याच घेऊन या म्हणून फलटणला फोन केलाय. श्रद्धा म्हणते रंग ठीक आहे, पण अशी कातडी तिने पूर्वी पाहिलेली नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. फोटो असा धूसर का येतो, तेवढं तुम्ही सांगा."

क्षमा वाकून बघत राहिली. पावलाला खालून कुणीतरी हात दिला होता.

"हा हात कुणाचा, डॉक्टर?"

"त्यांच्या मिस्टरांचा. लालासाहेब. मिलिटरीतून रिटायर झालेत."

"त्यांना काही आजार?"

"छे! ठणठणीत आहेत."

"मग त्यांचा हातसुद्धा निळा कसा?"

डॉक्टर खुर्ची ओढून पुढे झाले. तो मॉनिटर सहा वर्षांचा होता, इतके दिवस बिलं करायला वापरलेला. क्षमाने चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडून सगळा पडदा लाल रंगाने भरला. दिसला मळकट चॉकलेटी.

"याचा लालच गेलाय. याच्यावर गुलाबी कातडी काळीच दिसणार."

"देवा! तसंच असू दे," डॉक्टर म्हणाले. पण खात्री करायला उद्यापर्यंत थांबण्याशिवाय इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास जीप आली. लालासाहेबांनी बायकोला उचलूनच आत आणलं. राहीबाईंचं तोंड सुकून गेलं होतं.

"आवं डाक्टर, पाय काडनार न्हाई न्हवं? सगळ्या वाटंनं ह्यास्नी तेच इचारतीया."

डॉक्टर पट्टी सोडू लागले. शेवटचा पदर निघाला. कातडी गुलाबी होती. कडेपर्यंत छान धरलेली, गुलाबी.

"चूक माझी आहे, राहीबाई," डॉक्टर म्हणाले. "मशीनने खोटं दाखवलं आणि मी विश्वास ठेवला. पाय उत्तम आहे."

राहीबाई रडायलाच लागल्या. लालासाहेबांनी आधी भिंतीला टेकून श्वास सोडला, मग म्हणाले, "लय भ्या घातलंसा. बरं, आता खरं दावणारं मशीन आणा, म्हंजे झालं."

आणायचं काम क्षमाकडे आलं. श्रद्धाने कॅमेरा जीपमधूनच पाठवला होता. राहीबाईंना विचारून क्षमाने त्यांच्या पावलाचा फोटो घेतला, शेजारी स्वतःचा तळहातही धरला. ती फ्लॉपी घेऊन ती डॉक्टरांबरोबर सांगलीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली.

दुकानदाराने सतरा इंची मॉनिटर पुढे केला. "हाच घ्या. डॉक्टर लोकांना हाच आवडतो. कसला झगझगीत आहे बघा!"

क्षमाने फोटो उघडला आणि आपला तळहात काचेशेजारी धरला. पडद्यावरचा हात मेंदी लावल्यासारखा लालभडक होता. तिने ब्राइटनेस कमी केला, तरी तो भडकपणा जाईना. असे चार मॉनिटर झाले. कोपऱ्यातल्या एका पंधरा इंची मॉनिटरवर मात्र दोन्ही हात सारखे दिसले, बोटांच्या पेरांवरच्या फिकट रेषांसकट.

"पण हा लहान आहे," डॉक्टर म्हणाले.

"लहान असला तरी हा खोटं बोलत नाही."

राहिला धूसरपणा. हा कॅमेरा फार जवळचं नीट टिपत नव्हता. तात्यांच्या कपाटात जवळच्या फोटोंसाठी पुढे बसवायची दोन भिंगं होती. क्षमाला वाटलं, जास्त ताकदीचं भिंग बरं. तिने ते भिंग मापाचं जोडकडं लावून कॅमेऱ्यावर बसवलं आणि तात्यांच्याच पावलाचे फोटो घेतले. अंगठा स्पष्ट आला, पण घोट्याकडचा भाग पुसट. शिवाय इतक्या जवळ जावं लागे की कॅमेऱ्याचीच सावली पडे.

"पाऊल म्हणजे पोस्टाचं तिकीट नव्हे," तात्या म्हणाले. "त्याला चढउतार आहे. थोडं लांबून घे."

कमी ताकदीच्या भिंगातून सगळं पाऊल आलं, आणि नखांवरचे चरेही. तेच भिंग कॅमेऱ्यासोबत फलटणला गेलं. सोबत क्षमाची चिठ्ठी: फोटो खिडकीच्या उजेडात घ्या, आणि दर वेळी जखमेशेजारी कुणाचा तरी निरोगी हात धरा.

पुढच्या आठवड्यात फ्लॉपी दुपारच्या गाडीने आली. डॉक्टरांनी फोटो उघडला आणि करंगळीच्या बाजूला थबकले. ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळसर ठिपका. शेजारचा हात नेहमीच्या रंगाचा होता, म्हणजे ठिपका खरा. त्यांनी लगेच फलटणला फोन लावला. श्रद्धाने तासाभरात राहीबाईंना बोलावून जागा साफ केली, औषध बदललं. चार दिवसांनी आलेल्या फोटोत ठिपका नव्हता.

मार्चमध्ये राहीबाई शेवटच्या तपासणीला मिरजेला आल्या, एस.टी.ने, जरा लंगडत पण स्वतःच्या पायांनी. डॉक्टरांनी त्यांना पडद्यावर सगळे फोटो ओळीने दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यो माजाच पाय व्हय?" त्यांनी विचारलं. "भाजल्यापास्नं मी त्येच्याकडं नीट बगितलंच न्हवतं. भ्या वाटायचं. पर बरा दिसतुया की!"

क्षमा त्या दिवशी मुद्दाम आली होती. वडूजच्या डॉक्टरांनीही असा कॅमेरा मागवला होता आणि त्यांना शिकवायला देवदत्तांनी तिचंच नाव सुचवलं होतं. सोमवारी तिला वडूजला जायचं होतं. राहीबाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग फलटनवरनं या. जेवूनच पुडं जावा."

"अहो, ते वाटेत कुठं येतं?" क्षमा हसली.

"न्हाई येत. तरी या," राहीबाई म्हणाल्या.