शिंपिणीचा हात आणि माझी वाफ

मी एक जुना वाफेचा डबा आहे. गोंदवण्याच्या दुकानात मला सगळे कुकर म्हणत, पण माझ्यात कधी अन्न शिजले नाही. सुया धरायच्या पकडी आणि नळ्या माझ्या पोटात जात आणि निर्जंतुक होऊन बाहेर येत. मला आणले मालकीणबाईंनी. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, माझे काम पुरे झाल्याशिवाय त्या हातमोजे चढवत नसत. सुई प्रत्येकाला नवी, पाकीट त्याच्या डोळ्यांदेखत फोडलेले. अंगाला काय सोसत नाही हे खोदून विचारत आणि शंका आली की सरळ परत पाठवत. लोक त्यांना खडूस म्हणत. मला त्यांचा अभिमान वाटे.

त्यांची नजर अधू झाली आणि दुकान भाच्याकडे आले. त्याने माझी वायर उपटली आणि माझ्या डोक्यावर गाण्यांचा स्पीकर ठेवला. स्पिरिटचा बोळा फिरवला की झाले, असे तो म्हणे. वापरलेली सुईच पुन्हा वापरी. मित्रांनो, तेव्हापासून मी त्याच्यावर डूख धरून होतो.

एकदा शेजारच्या गल्लीतली शिंपीण मनगटावर लाल फूल काढून घ्यायला आली. केसांच्या कलपाने अंगावर पुरळ उठते, हे तिने आपणहून सांगितले. भाच्याने ते हसण्यावारी नेले. थोड्याच दिवसांत ती तापाने फणफणत परत आली. पाकळ्या टरारून फुगल्या होत्या, कडेने पू होता. तूच खाजवले असशील म्हणून त्याने तिला वाटेला लावले.

सुईतून जंतू शिरले आणि लाल रंगही अंगाला मानवला नाही, असे डॉक्टरांनी तिला सांगितले. जंतू औषधाने गेले, रंग मात्र कातडीतच राहिला. कात्री धरली की मनगट ठणके. शिवायला घेतलेले कपडे तिला परत करावे लागले.

मग एके सकाळी ती दुकानात आली आणि बाही वर करून दाराजवळच्या बाकावर बसली. भांडली नाही, रडली नाही. रोज येऊ लागली. आत येणाऱ्याची नजर तिच्या मनगटावर पडे आणि तो आल्या पावली परते. भाच्याने आधी दटावले, मग गयावया केली.

"मी कुणाला काही बोलते का?" ती म्हणाली. "हात तुम्हीच सजवलाय. बघू दे की लोकांना."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

शेवटी लोकांना दाखवायला त्याने मला सुरू केले. पडून पडून माझे रबर तडकले होते. चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याच्या तोंडावर फसाफस वाफ सोडली.

"म्हणजे हा बंदच होता," शिंपीण शांतपणे म्हणाली. दुकान रिकामे झाले, ते पुन्हा भरले नाही.

आता मी भंगारात आहे. मित्रांनो, मोठेपणी कधी गोंदवून घ्यावेसे वाटले, तर आधी माझ्यासारख्या डब्याकडे बघा, तो गरम आहे का ते विचारा. विचारल्याचा ज्याला राग येईल, त्याच्यापुढे हात करू नका. आणि भाच्याला माफ कर, असे मला सांगू नका. तिचे मनगट अजून ठणकते.