सवय नाकाला झाली होती

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका कारागिराच्या यकृतात राहते. डोळ्यांना दिसणार नाही एवढी लहान, पण कामाला वाघीण! रक्तातून येणारं विष निवडायचं, मोडायचं, बाहेर काढायचं. पूर्वी हे काम मी हसत हसत उरकत असे.

मग मालकाने दुकान थाटलं आणि माझा आराम संपला. पॉलिश पातळ करायच्या थिनरचा वास सकाळी सुरू व्हायचा तो दुकान बंद होईपर्यंत. काम आटोपल्यावर हा पठ्ठ्या हातही थिनरनेच धुवायचा! भिंतीत हवा बाहेर ओढणारा पंखा होता, पण तो कायम बंद.

"अहो, पंखा लावा ना," बायको म्हणायची. "डोळे चुरचुरतात माझे."

"आणि धूळ उडाली म्हणजे? ओल्या पॉलिशवर बसली की कपाटाचा घासकागद होतो. मला काही होत नाही गं, सवय झालीय."

सवय! अहो, सवय नाकाला झाली होती, आम्हाला नाही. कालचं विष मोडून होत नाही तोच आजचं हजर. ते मोडताना ठिणग्यांसारखे कण उडत आणि माझंच अंग आतून पोळत. दुरुस्तीला उसंत नाही, जिवाची नुसती तगमग. बरं, ओरडावं तर आम्हाला दुखणं सांगताच येत नाही. फार राग यायचा मला त्याचा, आणि कीवही.

शेवटी मालकाची भूक गेली, डोळे पिवळे झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यकृताला सूज आहे. असंच चालू ठेवलंत तर ते पुन्हा सावरणार नाही."

घरी येताच बायकोने दुकानाची किल्ली कमरेला खोचली. "आधी ओल्या फडक्याने फरशी पुसायची, मग पंखा लावायचा. हातमोजे घालूनच थिनरचा डबा उघडायचा. कबूल असेल तर किल्ली."

"हे आधी का नाही सुचलं तुला?"

"आधी माझं ऐकून घेतलं असतंत, तर सुचलं असतं!"

सूज उतरू लागली. माझ्या शेजारच्या पेशी सावरल्या, मी मात्र नाही. माझ्या आतला मूळ आराखडाच फाटला आहे. तो तसाच घेऊन मी वाढत गेले, तर माझी गाठ होऊन मालकाच्या जिवावर उठेन. म्हणून स्वतःहून मिटते आहे. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं काम करत असेल, तर त्याच्यापाशी हट्ट धरा. बोलणी खावी लागली तरी धरा. माझ्या जागी आता नवी पेशी येईल. तिला तरी सुखाने म्हातारी होऊ द्या.