मारुतीच्या खांबाला बांधलेला बंध

टाकवे बुद्रुकच्या मारुती मंदिरासमोर त्या गुरुवारी एवढी गर्दी लोटली होती, की एसटीला वळायला जागा उरली नव्हती. मांडवात मृदुनाथ महाराज शेगडीवर लोखंडी पळी धरून बसले होते. पळीतले पिवळे खडे वितळून मधासारखे झाले, मग लालकाळे आणि घट्ट. धूप-कापराचा धूर असा, की दुसरा कसला वास येण्याची सोयच नव्हती.

"पाषाणाला पाझर फोडतो तो मृदुनाथ!" महाराज गरजले. "घाई नको. पुन्हा पातळ होऊ द्या... आता!"

पळी थंड पाण्याच्या परातीत रिकामी झाली. महाराजांनी पाण्यातून तपकिरी दोरी उचलून ताणली, तशी ती रबरासारखी लांबली. बायांनी हात जोडले.

"घरातलं मन साफ, तोवर हा मनगटावरचा बंध मऊ! कडक झाला, तर समजा, तुमच्याच चुलीपाशी कुणीतरी तुमचं वाईट चिंततंय!"

मागं उभ्या असलेल्या यशोधराबाई गर्दीतून पुढं सरकल्या. 'घाई नको, पुन्हा पातळ होऊ द्या' हे शब्द त्यांचेच होते. विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग करताना त्या दरवर्षी हेच म्हणत. दाढी आणि भस्माआडचा चेहरा त्यांनी निरखून पाहिला. सुहास! पहिल्या बाकावरचा, ऊठसूट 'का' विचारणारा सुहास. कॉलेजसाठी त्याला पुस्तकं त्यांनीच पुरवली होती.

त्या इथं आल्या होत्या संगीतासाठी. तिचं सासर इथलं, माहेर वराळ्यात त्यांच्या शेजारी. तिच्या सासूनं, आक्काबाईनं, गुडघ्यांसाठी महाराजांचा बंध बांधला. आठवडाही झाला नाही तोच तो पिवळा पडून मोडला. घरात बाहेरून आलेली एकटी संगीता. सासू तिच्या हातचं पाणी पिईना. नवरा, कैलास, आईच्याच बाजूनं राहिला. तिची पिशवी भरून तिला माहेरी सोडून आला. "रोज रात्री त्यांचे गुडघे मीच चोळत होते, बाई," एवढंच ती सांगू शकली होती.

आरती झाल्यावर यशोधराबाई मांडवामागं गेल्या. महाराज त्यांना पाहून दचकले आणि सवयीनं पाया पडायला वाकले.

"पाया नको पडू. हे काय चालवलंयस?"

"बाई, तुम्हीच तर शिकवलंत."

"मी का होतं ते शिकवलं होतं."

सुहास हसला. "ते मीही सांगून पाहिलं. शाळाशाळांतून प्रयोग दाखवत फिरलो. लोक टाळ्या वाजवून घरी जायचे. कारण सांगितलं की माणूस उठून जातो, बाई. नाही सांगितलं की पाया पडतो."

"संगीताला घराबाहेर काढलंय."

"मी कुणाचं नाव घेत नाही. नावं त्यांची ते शोधतात."

तो ओशाळेल, निदान मान खाली घालेल, ही आशा त्यांना शेवटपर्यंत होती. त्यानं मनगटावरचा जुना बंध काढून ताजा चढवला. महाराजांचा बंध कधीच का कडक होत नाही, तेही कळलं.

यशोधराबाई तडक मांडवात आल्या. परातीतला एक बंध उचलून त्यांनी पुढंच बसलेल्या आक्काबाईच्या हातात दिला. "आक्काबाई, हा मारुतीच्या गाभाऱ्यातल्या खांबाला तुम्हीच बांधा. आठवडाभर फक्त पुजाऱ्यानं पूजा करायची, तीही तुमच्यादेखत. बाकी कुलूप, आणि किल्ली तुमच्याकडं."

"आन् त्यानं काय व्हईल?"

"ते गुरुवारी बघू."

पुढच्या गुरुवारी सुहास आला. आला नसता तर तिथंच खोटा ठरला असता. संगीताही बाईंबरोबर आली होती. कैलास तिच्याकडं बघत नव्हता. आक्काबाईनं कुलूप काढलं. खांबावरचा बंध पिवळा पडला होता. बोट लागताच तो कडकन मोडला.

"आता सांगा," यशोधराबाईंनी विचारलं, "मारुतीच्या मनात कुणाचं वाईट होतं?"

बाईंनी शेगडी मागवली, खताच्या दुकानातून आणलेलं गंधक पळीत टाकलं आणि सगळ्यांसमोर तसाच मऊ बंध काढून दाखवला. मग त्या वळल्या. "सुहास, हे का होतं, सांग लोकांना. तुला येतं."

तो उठला, गर्दीतून वाट काढत मोटारसायकलपाशी गेला. पोरांनी त्याला अडवून धरलं आणि पोलिसांना फोन लावला. बाई लोकांकडं वळल्या.

"गंधकाचे कण आठ-आठ जणींनी हात धरून फेर धरावा तसे असतात. तापवलं की फेर तुटतात आणि सगळ्या एकमेकींना धरून लांब रांगा करतात. एकदम गार पाण्यात टाकलं की त्या रांगा तशाच गुंतून राहतात, म्हणून ते रबरासारखं ताणतं. पुढं हळूहळू परत फेर धरतात, बंध कडक होतो. गंधक तेच, हात धरायची तऱ्हा वेगळी. कोळसा आणि हिराही असेच एकाच कार्बनचे. यात कुणाच्या मनाचा काय संबंध?"

"म्हंजे त्यानं समद्यांनाच फसवलं?" आक्काबाई पुटपुटली.

"त्यानं तुम्हाला फसवलं. मलाही फसवलं. पण संगीताला त्यानं नाही घराबाहेर काढलं, आक्काबाई."

म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला आणि बाईंच्या पायांकडं वाकली. बाई मागं सरल्या. "वाकू नका. कुणापुढंच नका. माझ्यापुढंही नको. जो चमत्कार दाखवील त्याला आधी विचारा, हे का होतं? आणि माणसावर आळ घेण्याआधी तर दहा वेळा विचारा."

"मग माझं गुडघं कशानं दुखत्यात, बाई?"

"ते डॉक्टर सांगतील. न्यायला संगीता येईल का, हे तिला विचारा."

आक्काबाई सुनेकडं वळली. कैलासनंही आता मान वर केली होती.

"दवाखान्यात नेईन," संगीता म्हणाली. "पण घरी कधी यायचं, यायचं की नाही, ते मी ठरवीन."