फणसवाडीतली मधली भिंत

रिट्रीटच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी साडेअकराला सौमित्र कर्णिक बोलायला उभा राहिला, तेव्हा मनवा परबने वही मिटली आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

परळच्या एका हॉटेलात तीसेक इंटिरियर डिझायनर जमले होते. धंदा कसा वाढवायचा, माणसं कशी ठेवायची, मोठी कामं कशी मिळवायची, असं दोन दिवस चाललं होतं. मनवा लालबागची. दादरला एका खोलीत ऑफिस, हाताखाली दोन मुली, आणि आजवरची कामं म्हणजे बहुतेक स्वयंपाकघरं. आदल्या दिवशी चहाच्या वेळी सौमित्रने, जमलेल्यांतल्या सगळ्यांत मोठ्या डिझायनरने, तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "इथेच परळला ऑफिसचे चार मजले करतोय. दोन तू करशील? उद्या संध्याकाळपर्यंत सांग." तिने मनातल्या मनात तिथेच हो म्हणून टाकलं होतं.

सौमित्रने पडद्यावर गिरगावातल्या एका जागेचा फोटो लावला. जुन्या इमारतीतल्या दोन काळोख्या खोल्या. मग पुढचा फोटो: मधली भिंत गायब, एकच लांबलचक हॉल, पांढरं सिलिंग, भरपूर उजेड. टाळ्या पडल्या.

मनवाने टाळ्या वाजवल्या नाहीत. गॅलरीच्या दारावर हिरव्या-पिवळ्या काचांची पट्टी होती. तशीच पट्टी तिने एका घरात पाहिली होती. फणसवाडीतल्या नलूकाकूंच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर. तीन वर्षांपूर्वी त्यांचं स्वयंपाकघर तिने केलं होतं. त्यांच्या खालची जागा तेव्हा बंद असायची, मालक दुबईला. नळाच्या पाइपसाठी मधली भिंत फोडली, तर आत जाडजूड सागवानी खांब निघाला. ती इमारत विटांवर नव्हे, लाकडावर उभी होती. आणि वरचा खांब नेहमी खालच्या खांबावर उभा असतो.

"सर, ही फणसवाडीतली जागा का? दुसरा मजला?" तिने विचारलं.

"अरे वा, ओळखलीस!" सौमित्र खूश झाला.

"ती भिंत काढायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवली होती?"

सौमित्र हसला. "पार्टिशन होतं गं ते. कॉन्ट्रॅक्टरने ठोकून बघितलं. एक लाकूड होतं आत, तेही किडलेलं."

"ते लाकूड म्हणजे खांब होता, सर."

रिट्रीट घेणारी श्रेया लगबगीने पुढे आली. "मनवा, प्रश्न शेवटी घेऊया ना? ही सेफ स्पेस आहे, एकमेकांना पाडायला नाही जमलो आपण." दोघं-तिघं हसले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "कालपासून सरांच्या मागेमागे होती, आज काय झालं हिला?"

मनवा उठून बाहेर आली आणि तिने नलूकाकूंना फोन लावला.

"काकू, मनवा बोलतेय. घरात सगळं ठीक ना? म्हणजे भिंती, फरशी?"

"अगं, तुझं काम छानच आहे. फक्त स्वयंपाकघराचं दार घासतंय दिवाळीपासून. सुताराकडून दोनदा तासून घेतलं. आणि कपाट उघडलं की आपोआप मिटतं." नलूकाकू हसल्या. "बरं, तू येतेयस ना? आमच्या ह्यांची पंचाहत्तरी आहे आज. चार वाजल्यापासून माणसं येतील. चाळीसेक तरी होतील."

मनवाने घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं.

तिने माटुंग्याच्या हेमचंद्र पाठारेंना फोन केला. हे निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर. अडल्यानडल्याला ती त्यांनाच विचारायची. दार, कपाट, खालची भिंत, सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मी निघतो. खालची जागा उघडायला लागेल."

खालचा मालक दुबईला. किल्ली सौमित्रकडे. तो कॉरिडॉरमध्ये तिच्याच शोधात आला होता.

"हे काय चालवलंयस तू?" त्याचा आवाज खाली होता, पण चेहरा लाल झाला होता. "तीस माणसांसमोर? त्यातल्या दहा जणांचे क्लायंट माझे क्लायंट आहेत."

"सर, वरच्या घराचं दार दिवाळीपासून अडकतंय. तुमचं काम कधी संपलं?"

"दिवाळीच्या आधी."

"आज चार वाजता तिथे चाळीस माणसं जमणार आहेत. मला किल्ली द्या."

"उद्या माझा इंजिनिअर पाठवतो. शब्द देतो. आज तू तिथे गेलीस तर उद्या पेपरात माझं नाव येईल. चार मजल्यांचं काम जाईल, मनवा. तुझंही."

"माहितेय."

"मग?"

"मला किल्ली द्या," ती पुन्हा म्हणाली. सौमित्रने मान फिरवली आणि तो हॉलमध्ये निघून गेला.

ती टॅक्सीने एकटीच गेली. पाठारे जिन्याशी उभे होते. दोघं आधी वर गेले. नलूकाकूंचे यजमान रघुवीरकाका नव्या झब्ब्यात खुर्च्या मांडत होते. पाठारेंनी फरशीवर एक गोटी ठेवली. गोटी मधल्या भिंतीकडे घरंगळत गेली आणि तिथेच थांबली. भिंतीच्या तळाशी फरशीला बोट जाईल एवढी फट होती. तिच्यावर पायपुसणं टाकलेलं होतं.

"सगळ्यांनी खाली उतरायचं. आत्ता," पाठारे म्हणाले.

"काय बोलताय?" रघुवीरकाका भडकले. "माझा जन्म या खोलीतला! केटररचं जेवण वर आलंय. माणसं निघालीत घरून. कोण कुठला माणूस येतो आणि गोटी टाकून मला घराबाहेर काढतो?"

"काका, खालचा खांब काढलाय," मनवा म्हणाली. "तुमची भिंत लटकतेय."

"कोणी काढला? पाहिलास तू?"

पाहिला नव्हता. खालच्या दाराला कुलूप होतं. तिने शेजारचं दार वाजवलं, मालकाचा नंबर मागितला, पोलिसांना बोलवावं का विचारलं. अडीच वाजले. केटररची माणसं पातेली आत घेऊ लागली, ती पातेली त्या भिंतीशीच ठेवत होती. मनवा ओरडली, "तिथे नको!"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सौमित्र वर येत होता, घामाघूम, गळ्यात रिट्रीटचं ओळखपत्र तसंच. तो मनवाशी काही बोलला नाही. दुसऱ्या मजल्याचं कुलूप त्याने उघडलं.

पांढऱ्या सिलिंगला मधोमध केसासारखी रेघ पडली होती. पाठारेंनी स्टुलावर चढून हातोडीने एक तुकडा पाडला आणि टॉर्च आत धरला. वरची तुळई वाकली होती. खांब होता तिथे कॉन्ट्रॅक्टरने एक आडवी फळी टाकून तिच्यावर विटांचे दोन थर रचले होते आणि लाकडाची पाचर ठोकली होती. पाचर अर्धी बाहेर सरकली होती.

पाठारे खाली उतरले. "आवाज न करता सगळे बाहेर. जिना एकेकाने उतरा."

सौमित्र वर गेला. रघुवीरकाका अजून खुर्चीला धरून उभे होते. सौमित्र त्यांच्यासमोर उभा राहिला. "काका, खालची भिंत मी काढली. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. चूक माझी आहे. प्लीज, उतरा."

नलूकाकूंनीच काकांचा दंड धरला. "चला हो. वाढदिवस खालीही होतो."

चौथ्या मजल्यावरची दोन कुटुंबंही उतरली. पाहुणे येत गेले तसा सौमित्र वाडीच्या तोंडाशी उभा राहून प्रत्येकाला तेच वाक्य सांगत राहिला. साडेपाचपर्यंत लोखंडी टेकू आले. शेवटचा टेकू बसला तेव्हा पाठारेंनी पहिल्यांदा पाणी मागितलं. मनवा जिन्याच्या पायरीवर बसली होती.

पुढे महापालिकेची नोटीस आली. नवा खांब बसेपर्यंत पाच महिने गेले. तोवर नलूकाकू-रघुवीरकाका भाचीकडे राहिले. काका मनवाशी पहिले दोन महिने बोलले नाहीत. परळचे चार मजले दुसऱ्याच कोणाला गेले. सौमित्रने तिला एकदा फोन केला, खांबाच्या कामाची तारीख सांगायला. त्यापलीकडे दोघं बोलले नाहीत. रिट्रीटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रविवारबद्दल कोणी एक शब्द लिहिला नाही.

पण त्या रविवारनंतरच्या आठवड्यातच तिला तीन फोन आले होते. रिट्रीटमधल्या दोघांनी आपापल्या जुन्या कामांचे फोटो पाठवले आणि बघशील का, विचारलं. तिसऱ्या माणसाने नाव सांगितलं नाही. गिरगावातच दोन वर्षांपूर्वी एक भिंत काढली होती, म्हणाला. आत काय होतं ते आता आठवत नाही, एवढंच.

"वर कोणी राहतं?" मनवाने विचारलं.

"हो. एक बाई आणि दोन मुलं."

"पत्ता सांगा," ती म्हणाली आणि तिने पेन हातात घेतलं.