दाराखालचे चार टाके

रविवारी सकाळी शाळेची पांढरी व्हॅन गॅरेजच्या दारात ऊन खात उभी होती आणि येणारा-जाणारा वळून तिच्याकडे बघत होता. महिन्यापूर्वी ती एका बाजूने पार चेपून आली होती. नशीब, तेव्हा आत पोरं नव्हती. आता मात्र बोट ठेवायला जागा नव्हती.

"हात फिरवला की अपघात झालाच नव्हता असं वाटतं," मिस्त्री शेजारच्या टायरवाल्याला सांगत होते. "कॉलेजात शिकतोय पोरगा. आपल्यासारखा ठोकून ठोकून शिकलेला नाही."

"बापाचं नाव काढणार," टायरवाला म्हणाला. हे कौतुक तो महिन्यातून दोनदा करी आणि तितक्याच वेळा मिस्त्रींचा कॉम्प्रेसर फुकटात वापरून जाई.

गॅरेजच्या पाटीवर मिस्त्रींच्या नावापुढे 'आणि चिरंजीव' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. पाटी लागली तेव्हा चिरंजीव पाचवीत होते आणि पत्र्याचा आवाज झाला की कानावर हात ठेवत. त्याआधीची अकरा वर्षं मिस्त्री बाहेरून हातोडी मारत आणि त्यांची बायको गाडीच्या आत बसून पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरी. ठोकळा नीट धरला नाही तर पोचा निघत नाही, उलट नवा पडतो. पण या कामाला कोणी काम म्हटलं नाही. "घरची मदत आहे," एवढंच म्हणत. मुलगा हाताशी येईल असं दिसू लागल्यावर तिला मागच्या स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं. निरोप समारंभ अर्थातच झाला नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती आता व्हॅनकडे बघत होती. रंग सुरेख बसला होता. आईच्या मनात अभिमान यायला हवा होता, पण तो काही केल्या येत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी दोन्ही मुलांनी कॉलेजच्या व्यावसायिक शिक्षणाचे अर्ज भरले होते. मुलाने ॲनिमेशन लिहिलं होतं आणि मुलीने गाड्यांची बॉडी-दुरुस्ती. खिडकीवरच्या कारकुनासमोर मिस्त्रींनी दोन्ही अर्ज हातात घेतले, वाचले आणि कारकुनाचंच पेन मागून अदलाबदल केली. पोरगी खुर्चीत बसून शिकेल, नखांत ग्रीस जाणार नाही, उद्या लग्नाचं बघताना कोणी नाक मुरडणार नाही. पोरगा पत्रा सांभाळेल. मुलीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "बाबा म्हणतात ते विचार करूनच म्हणतात." हे वाक्य बोलायला फार कष्ट पडत नाहीत. म्हणूनच ते इतक्या घरांत बोललं जातं.

"आई, दोन मिनिटं बस," मुलगी लॅपटॉप घेऊन आली. "माझा कॉलेजचा प्रोजेक्ट बघ."

"दूध उतू जाईल गं."

"गॅस बंद कर. बस."

पडद्यावर एक पांढरी व्हॅन होती. आत करड्या रंगाच्या लहान लहान बाहुल्या बसवलेल्या, चेहरे नसलेल्या. बाजूने दुसरी गाडी आली आणि धडकली. मुलीने ती टक्कर अगदी सावकाश दाखवली. एका सेकंदाची चोवीस चित्रं, एकामागून एक. दार वीतभर आत आलं आणि थांबलं. बाहुल्या जागच्या जागी राहिल्या.

"आता दुसरी बघ. गाडी तीच, वेगही तोच. फक्त दाराखालचा दांडा नीट जोडलेला नाही."

नवव्या चित्रात दाराखाली चीर पडली. बाराव्यात गाडीचा तळ उघडला. सोळाव्या चित्रानंतर आईने नजर फिरवली.

"कसले हे खेळ करता तुम्ही कॉलेजात?"

"खेळ नाहीये. मापं दादाने दिलीत."

"कुठल्या गाडीची?"

मुलीने खिडकीबाहेर पाहिलं.

मुलगा बोलावल्यावर आला आणि दारातच उभा राहिला. त्याच्या मनगटाला अजून पांढरा रंग होता. "त्या दांड्याला वेल्डिंगची सबंध शिवण मारायची असते, आई. मी चार टाके मारले. वेल्डिंगची ठिणगी उडाली की माझे हात थरथरतात. सरांना माहितीये. रंगकामात पैकीच्या पैकी होते म्हणून त्यांनी पास केलं."

"आणि वरून?"

"वरून पुट्टी भरली. घासली. रंग दिला." मनगटावरचा रंग खरवडत तो पुढे म्हणाला, "ते मला छान जमतं."

"बाबांना बोललास?"

"बोललो. म्हणाले, बाहेर वाच्यता नको. एकदा 'मिस्त्रीच्या पोराला वेल्डिंग येत नाही' असं झालं की पाटी उतरवावी लागेल."

आई उठली. पदराला हात पुसत ती अंगणात आली, व्हॅनपाशी गुडघ्यांवर बसली आणि दाराखाली बोटाच्या पेराने टकटक करत पुढे सरकली. पुढच्या चाकाजवळ पत्रा खणखणीत बोलला. मधल्या दाराखाली तो मुका झाला, ओल्या भिंतीसारखा. हातभर अंतर तो मुकाच राहिला.

"काय शोधतेयस?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांच्या हातात किल्ली होती, कारण फाटकातून व्हॅनवाला आत येत होता.

"वा, मिस्त्री! नवी घेतली असती तरी अशी दिसली नसती," व्हॅनवाला खूश होऊन म्हणाला. "उद्या पोरं चढतील तेव्हा बूट काढायला लावतो बघा एकेकाला. काय वहिनी, पूजा बांधताय की काय गाडीची?"

"ही गाडी नेऊ नका, भाऊ."

"अगं, आत जा," मिस्त्री हसत म्हणाले. हसू फक्त ओठांवर होतं. "बायकांना काय कळतं यातलं?"

"अकरा वर्षं आत बसून ठोकळा धरला, तेव्हा मी कोण होते?"

"चारचौघांत शोभा करू नकोस. घरातली गोष्ट आपण घरात बोलू."

"घरात सतरा पोरं बसणार नाहीत, अहो. या गाडीत बसणार आहेत."

मिस्त्रींनी तिचा दंड धरला. तेवढ्यात मुलगी छिन्नी-हातोडी घेऊन पुढे आली आणि आईच्या हातात न देता स्वतःच खाली वाकली. दोन घाव बसले. तिसऱ्या घावाला पांढऱ्या रंगासकट पुट्टीची जाड लादी निघाली आणि फरशीवर पडून फुटली. आत दोन पत्रे एकमेकांपासून बोटभर दूर उभे होते आणि त्यांच्यामध्ये वाटाण्याएवढे चार टाके. एक आधीच उकललेला होता.

टायरवाला, जो इतका वेळ कान देऊन उभा होता, त्याला अचानक दुकानातलं काम आठवलं.

"लोक काय म्हणतील आता?" मिस्त्री पुटपुटले.

"लोक जिवंत राहिले, तर म्हणतील," आई म्हणाली.

मुलगा बापासमोर आला. "बाबा, माझ्याकडून हे होत नाही. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. तिला येतं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये माझे अर्धे नमुने तिनेच जोडून दिलेत."

मिस्त्रींनी मुलीकडे असं पाहिलं, जणू तिने घरात चोरी केली होती.

"उद्या कॉलेजात मी येते," आई मुलीला म्हणाली. "दोन्ही अर्ज नव्याने भरू. दोन वर्षं वाया गेली तरी चालतील. त्या वेळी तोंड उघडायचं ते मी उघडलं नाही."

व्हॅनवाला अजून खालीच बघत होता. त्या सतरांत त्याची स्वतःची दोन पोरं होती, आणि ती नेहमी मधल्या दाराशी बसत. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, या पोराने याआधी अशा किती गाड्या केल्या?"

हा प्रश्न त्या अंगणात तोवर कोणाच्या मनातही आला नव्हता. मिस्त्रींच्या नाही, मुलीच्या नाही, आईच्याही नाही.

मुलाने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. "पाच," तो म्हणाला.

"फोन नंबर आहेत?" आईने विचारलं.

"आहेत."

"लाव. एकेक लाव. मी बोलते."

पहिल्याने शिव्या दिल्या. दुसऱ्याने गाडी कधीच विकली होती. कोणाला विकली ते मात्र सांगितलं. तिसऱ्याला समजायला वेळ लागला. चौथी गाडी एका बाईची; ती फोनवर रडू लागली आणि नंतर म्हणाली, बरं झालं सांगितलंत.

"पाचवी?"

"लाल गाडी. नवरा-बायको होते. तान्हं बाळ होतं," मुलगा म्हणाला. "शुक्रवारी गाडी नेली. लांबच्या प्रवासाला निघायचंय, घाई करा म्हणत होते."

पलीकडे फोन वाजला. वाजत राहिला आणि आपोआप बंद पडला.

"कोणी उचलत नाहीये," मुलगी म्हणाली.

मिस्त्री पाटीखालच्या स्टुलावर बसले होते. आईने त्यांच्यासमोर जाऊन तो फोन त्यांच्या हातात दिला.

"आता तुम्ही लावा," ती म्हणाली. "आणि उचलेपर्यंत लावत राहा."