झाकण उघडण्यापूर्वी

मित्रांनो, मला उचलून बघा म्हटलं असतं, पण नकोच. मी शिशाचा एक जुना डबा आहे. दिसायला जेमतेम पेल्याएवढा, पण पहिल्यांदा उचलणाऱ्याचा हात हमखास खाली जातो आणि मला मनातल्या मनात हसू फुटतं. वितळलेलं शिसं साच्यात ओतून मला घडवलं. आतले किरण बाहेर पडू नयेत म्हणून भिंती जाडजूड, पोट मात्र एका गोळीपुरतं.

ती गोळी किरणोत्सारी आयोडिनची. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर कापून काढला, तरी काही पेशी मागे दडून राहतात. गोळी त्यांना शोधून जाळते. पण ती आपलं-परकं बघत नाही, म्हणून सगळे माझ्यापासून लांब उभे राहतात. इतकी वर्षं इमानेइतबारे राबलो, तरी काम झालं की मला कपाटात ढकलतात. कौतुक होतं ते गोळीचं. असो.

त्या सकाळी एक तरुण आई आली. गळ्यावरचा व्रण अजून लालसर होता. त्या पेशी आयोडिनसाठी वखवखाव्यात म्हणून कित्येक आठवडे तिच्या थायरॉइडच्या गोळ्या बंद होत्या, आयोडिनचं मीठही बंद होतं. चेहरा सुजला होता, पाय ओढत ती खुर्चीपर्यंत पोचली.

सिस्टरांनी विचारलं, "बाळाला अंगावर पाजणं बंद केलंत ना? दीड-दोन महिने तरी झालेले हवेत."

"हो, केव्हाच," ती म्हणाली. नजर मात्र जमिनीवर.

मला ते खटकलं. पण डब्याला कोण विचारतो?

टेक्निशियनने हातमोजे चढवले. तिच्या हाती पाण्याचा पेला दिला. माझं झाकण फिरू लागलं आणि मला, एवढ्या जड शिशाला, धडकी भरली.

तेवढ्यात दाराबाहेर कुणाचं तरी बाळ रडलं. तिचं नव्हतंच ते, तिचं घरी आजीजवळ होतं. पण पान्ह्याला काय कळतं? तिच्या गाऊनवर दोन ओले डाग उमटले. तिने घाईने हातांची घडी घातली.

"थांबा!" सिस्टर ओरडल्या. झाकण पुन्हा घट्ट बसलं.

ती ढसाढसा रडू लागली. "बाटली तोंडात धरतच नाही हो तो. रडून रडून काळानिळा पडतो. खरं सांगितलं असतं तर तारीख पुढे गेली असती. तोवर गळ्यातलं पसरलं तर? त्याला आई नको का?"

सिस्टर तिच्याजवळ येऊन वाकल्या. "ताई, हे औषध छातीतही साठतं. दुधातून त्याच्या पोटात गेलं असतं. त्याची एवढीशी ग्रंथी जळाली असती."

पेला तिच्या हातून कलंडला. सिस्टरांनी तिचे खांदे धरले. "डॉक्टरांशी बोलू. थोडं थांबता येईल. पण आज नाही."

मला न उघडताच परत नेलं. तिला मात्र सगळी तयारी पहिल्यापासून करायची होती, आणि पोटातली भीती घेऊनच.

मित्रांनो, ती पुन्हा येईल, मी वाट बघतो आहे. उद्या तुमच्या घरातलं कुणी माझ्यासमोर बसलं, तर विचारतील ते खरं सांगायला सांगा. झाकण बंद आहे तोवर मी सगळ्यांना सांभाळतो. उघडल्यावर मी नुसता रिकामा डबा असतो.