माझ्या टाकीतलं पाणी

मी एक गाडी आहे, पण स्वतःहून कुठे जात नाही. मला ट्रॅक्टर ओढतो. माझ्या पोटात दोन संडास आहेत, एक न्हाणी आहे आणि पाठ टेकायला सहा बाकं. डोक्यावर हजार लिटरची टाकी. उघड्यावर राबणाऱ्या माणसांना आडोसा मिळावा म्हणून मला बनवलं. माझं दार बसवून झाल्यावर वेल्डर म्हणाला होता, "हिच्यात माणसं माणसासारखी अंघोळ करतील." मी ते मनावर घेतलं. आपलं सारं आयुष्य साबणाच्या वासात जाणार, असं समजून मी कारखान्याबाहेर पडले.

माझी पहिलीच नेमणूक डोंगरावर झाली. तिथे चौदा माणसं विजेचे मनोरे उभारत होती. मी येण्याआधी ती खडकाआड जायची. एकाला तिथे भलत्याच जागी विंचू चावला होता. तो ते रडकुंडीला येऊन सांगायचा आणि बाकीचे लोळून हसायचे. मी आले तेव्हा त्यानेच माझ्या दाराला सगळ्यांत आधी हात लावला.

टोळीचा मुकादम दांडगा आणि तापट होता. माझी साफसफाई त्याच्या थोरल्या बहिणीकडे होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. चौदा माणसांवर खेकसणारा तो गडी तिच्यापुढे आवाज खाली करायचा. बाकी सगळे तिला मावशी म्हणत. "बूट बाहेर!" ती ओरडायची. "मोरी माझी आहे, तुमच्या बापाची नाही!" माणसं गुपचूप बूट काढायची आणि संध्याकाळी न्हाऊन बाहेर पडली की एकमेकांना ओळखू येत नसल्याचं सोंग करायची. ते दिवस बरे होते.

माझी टाकी वरच्या झऱ्यावर भरायची. झऱ्यात नळी टाकलेली होती आणि पंप ते पाणी ओढायचा. त्याच झऱ्याचं पाणी खाली वीस घरांच्या वस्तीला जात होतं. उन्हाळा चढला तसा झरा करंगळीएवढा झाला. तरी मी रोज दुपारपर्यंत काठोकाठ भरायचे. खाली काय उरतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही कधी प्रश्न पडला नाही.

मग वस्तीतून तिघे वर आले. त्यांच्यात राखाडी दाढीचा एक माणूस होता. "साहेब," तो मुकादमाला म्हणाला, "नळी लागल्यापासून खाली थेंब येत नाही. दिवसाआड घ्या. एवढंच मागणं आहे."

"काम थांबलं तर जबाबदार तू का?" मुकादम म्हणाला. "चल, वाट सुधार."

संध्याकाळी मावशीने विषय काढला. "अरे, दिवसाआड अंघोळ केली म्हणून माणसं मरत नाहीत."

"ताई, तू मोरी घास. टोळी मी सांभाळतो."

आठवड्याने बायकाही आल्या, रिकामे हंडे घेऊन. माझ्या नळापुढे रांग लावून उभ्या राहिल्या. मुकादमाने पुढचा हंडा लाथेने उडवला. तो दगडांवर आपटत दरीत गेला. त्याचा आवाज थांबेपर्यंत कुणी हललं नाही. तो दाढीवाल्याच्या बायकोचा हंडा होता. ती मुकादमाकडे बघत राहिली. त्या संध्याकाळीही चौदा जण न्हाले. मी रोजच्यासारखं पाणी दिलं. मला नाही म्हणता येत नाही.

तिसऱ्या वेळी कुणी मागणं घेऊन आलं नाही.

दुपारची जेवणं होऊन माणसं माझ्या बाकांवर आडवी झाली होती. पहिला दगड काच फोडून आत आला. मग पत्र्यावर दगडांचा नुसता पाऊस. मुकादम शिव्या देत दारात गेला आणि तसाच मागे कोलमडला. त्याचा डावा डोळा फुटला होता. ते पाहून टोळी पिसाळली. नट आवळायचे पाने, पहारी, हाताला येईल ते घेऊन सगळे बाहेर तुटून पडले. विंचू चावलेला तो हसरा माणूस पहिल्या फळीत होता. त्याची पहार एका वस्तीवाल्याच्या डोक्यात बसली आणि तो माणूस माझ्या चाकाला टेकून खाली घसरला. त्याचं रक्त माझ्या टायरच्या खाचांमधून मातीत उतरलं.

एवढ्यात दाढीवाल्याने माझ्या जनरेटरजवळचा डिझेलचा डबा उचलला. माझ्या अंगावर ओतला, स्वतःच्या बाह्यांवरही सांडला, आणि काडी ओढली. माझी डावी बाजू पेटली. तोही पेटला.

वस्तीवाले आपल्या जखमीला उचलून खाली पळाले. कुणी माझ्यावर माती टाकत होतं, कुणी बादल्या ओतत होतं. किंचाळत लोळणाऱ्या त्या माणसाकडे कुणीच गेलं नाही. गेली ती मावशी. गोणपाट टाकून तिने आग विझवली, कॉलर धरून त्याला फरफटत माझ्या न्हाणीत आणलं आणि फवारा पूर्ण सोडला.

तोवर मुकादम न्हाणीच्या दारात आला. एक हात डोळ्यावर, बोटांमधून रक्त, दुसऱ्या हातात मोठा पाना.

"ताई, बाजूला हो."

"आधी डोळ्याला फडकं बांध."

"त्याला बाहेर काढ! उरलेला मी जाळतो!"

"पाणी चालू आहे तोवर आत कुणी यायचं नाही." तिने माझी कडी धरली.

त्याने पाना मारला. कडीवर मारला की हातावर, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तिच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज झाला. माझ्यावर इतके दगड बसले, पण त्या आवाजाएवढं मला काही लागलं नाही. तिने दुसऱ्या हाताने दार त्याच्या तोंडावर ओढलं आणि आतून कडी घातली. तो पाना आपटत राहिला. दाराला पोचे पडत गेले, कडी वाकली, पण निघाली नाही. शेवटी त्यालाच भोवळ आली.

आत दाढीवाल्याचे दात वाजत होते. हातांची कातडी लोंबत होती. "बस कर, बाई," तो म्हणाला. "पाणी संपेल."

"संपू दे," मावशी म्हणाली.

टाकी रिकामी होईस्तोवर तिने फवारा बंद केला नाही.

पोलीस आले, दवाखान्याची गाडी आली. दाढीवाला वाचला, पण त्याची बोटं एकमेकांना चिकटली. माझ्या चाकाशी पडलेला माणूस दोन दिवसांनी गेला. पहारवाल्याला बेड्या घालून नेलं. मुकादमाचा डोळा गेला. झऱ्यातली नळी मात्र काढली. इतकं सगळं झाल्यावर.

महिन्याने मुकादम आपलं सामान न्यायला आला. पट्टी भिजू नये म्हणून डोकं धुतलेलं नव्हतं, केसांत जुनं रक्त तसंच वाळलेलं. मावशीचा हात प्लास्टरमध्ये होता.

"बस खाली," ती म्हणाली. "डोकं धुते."

तो माझ्या मोरीत बसला. खालून आणलेल्या बादलीतलं पाणी ती एका हाताने जपून ओतत होती, डोळ्याच्या पट्टीला लागू न देता.

"हात दुखतो का, ताई?"

"दुखतो. तू मोडलास, दुखणारच."

तो हमसून हमसून रडायला लागला. तिने त्याला उगी केलं नाही. "मान खाली कर. साबण जाईल डोळ्यात."

"त्या भाजलेल्या माणसाला भेटायला जाऊ का?"

"एकटा नको जाऊस. मी येते."

दोघं वस्तीत उतरली. उन्हं कलताना परतली तेव्हा मुकादमाचं कपाळ फुटलं होतं. मला न्यायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "आता काय झालं?"

"दार उघडलं नाही," मावशी म्हणाली. "त्याच्या बायकोने दगड मारला."

मुकादम माझ्या पायरीवर बसला होता. कपाळाला हात लावला, बोटांवरचं रक्त पाहिलं. "उद्या परत जाऊ, ताई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मला तिथून हलवलं, त्यामुळे पुढचं मला ठाऊक नाही. आता मी एका रस्त्याच्या कामावर उभी आहे. डाव्या बाजूला नवा रंग दिलाय, पण उन्हात त्याला फोड येतात. माणसं येतात, घाम धुतात, घटकाभर पाठ टेकतात, आणि जाताना माझ्या दारावर थाप मारतात. ती थाप मला अजून आवडते. माणसाला आडोसा हवाच, पाणी हवंच, त्यात माझं दुमत नाही. पण मला कुठेही उभं कराल तेव्हा पंप सुरू करण्याआधी एकदा खाली उतरून या. कुणाच्या हंड्यातलं पाणी माझ्यात भरताय, ते बघून या. मला पाय नाहीत, नाहीतर मीच गेले असते.